बुडबुड्यांकडे पाठ

"त्या काठीवरचा शर्ट काढ," मी म्हटलं.

"सुकतोय, मावशी. पाचच मिनिटं."

"सुकवायला ती वळणी नव्हे. बावट्याची काठी आहे ती."

सुहास हसला. मिरजेचा मुलगा, नवीन लग्न झालेला, अंगाने भरलेला. नुकताच पाण्याखालून वर आला होता. ओठ निळे पडले होते, पण तोंड काही बंद होत नव्हतं. त्याने आपला ओला शर्ट सरळ बावट्यावर चढवला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून बाह्यांची काठीला गाठ मारली होती. लाल कापडावर पांढरा तिरका पट्टा असतो, तो बावटा. खाली माणूस आहे, लांबून जा, असा त्याचा अर्थ. आमच्या बंदरातल्या प्रत्येक होडीवाल्याला तो कळतो. निळ्या चौकड्यांचा शर्ट कोणाला कळणार होता?

"एवढ्या मोठ्या समुद्रात कोण येतंय आपल्या अंगावर?" तो म्हणाला.

"समुद्र मोठा असेल. होड्यांची वाट एवढीशीच आहे."

"मावशी, तुम्ही शाळेत मास्तरीण पाहिजे होता."

"शाळेत गेलेच नाही धड. नाहीतर झालेही असते. काढ तो."

"काढतो हो," म्हणाला आणि मोबाइल घेऊन किल्ल्याकडे तोंड करून बसला.

मालवणच्या किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला खडप आहे. खडप म्हणजे पाण्यातले खडक. तिथे माझा मुलगा लवू पर्यटकांना स्कूबा करवतो. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून एकेकाला खाली नेतो, मासे दाखवतो, परत आणतो. त्या दिवशी आधी सुहासला नेऊन आणला आणि मग त्याच्या बायकोला, मृदुलाला, घेऊन खाली गेला. वर होडीत आम्ही दोघंच. सुहास आणि मी.

मी एरवी होडीवर जात नसे. आमच्या गाबितांच्या घरात बाईने मासे विकायचे, जाळं सांधायचं, पण होडीत पाय ठेवायचा नाही, अशी रीत. माझी अख्खी हयात किनाऱ्यावर गेली. मग हे स्कूबा आलं, आणि पुण्या-सांगलीच्या पोरी आखूड चड्ड्या घालून आमच्याच होडीत पाय सोडून बसू लागल्या. म्हटलं, मग माझ्याच पायांनी काय पाप केलंय? इंजिनावरचा दाजी त्या दिवशी सासऱ्याच्या बाराव्याला गेला होता. होडीवर मागे माणूस ठेवल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हा लवूचाच नियम. हे जोडपं संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होतं आणि ती मृदुला रडवेली झाली होती. लवू माझ्याकडे बघून म्हणाला, "आये, तू येतंस?"

"मी येवन काय करू? माका पोवाक येणा नाय. इंजिन येणा नाय."

"तू नुसते बुडबुडे बघ. खाली माणूस श्वास सोडता, ते वर येतत. ते दिसतत तवसर सगळा बरा. दुसरा काय करू नको."

"आणि काय झाला तर?"

"काय होवचा नाय."

तेवढ्यावर मी गेले. गेले ती काही देवळातल्या मूर्तीसारखी बसायला नाही. चपला किनाऱ्यावर काढायला लावल्या. सगळ्यांनी एका बाजूला बसायचं नाही, म्हणून सांगितलं. वेफर्सचं पाकीट पाण्यात टाकलंस तर तुलाच काढायला उतरवीन, म्हणून सुहासला बजावलं. तो नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पाय रोवून फोटो काढत होता. म्हटलं, "तिथून पाय काढ. नारळी पुनवेला आम्ही तिथे हळदकुंकू वाहतो."

"देव आहे होय इथे?"

"देव नाही. माझ्या नवऱ्याचा हात आहे. त्याने तासलंय ते लाकूड."

तेव्हा मात्र त्याने पाय काढला, आणि मृदुलाने माझ्याकडे बघून हात जोडले. मुलगी चांगली होती. पाण्यात उतरताना तिने माझाच हात धरला होता. हात थंड पडला होता तिचा. "मावशी, तुम्ही वर आहात ना?" म्हणाली. म्हटलं, "आहे. जा."

तर मी बुडबुडे बघत होते. आधी होडीच्या बगलेलाच होते. मग सुकती लागली, म्हणजे पाणी बाहेर ओढू लागलं, आणि बुडबुडे हळूहळू मागे सरकत चालले. होडी नांगरावर होती, ती जाग्यावर. खालची माणसं मात्र पाण्याबरोबर लांब लांब. मला ते आवडत नव्हतं. पण सांगायचं कोणाला? लवूला हाक मारावी तर तो पाण्याखाली. मी डोळे बारीक करून बघत राहिले. ऊन पाण्यावर असं चमकत होतं की मध्येच बुडबुडे दिसायचे नाहीत, मग परत दिसायचे.

"मावशी, डॉल्फिन दिसतात का इथे?" सुहासने विचारलं.

"गप्प बस. माझी नजर हलवू नको."

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला.

स्पीडबोट होती. डॉल्फिन दाखवायला माणसं नेतात आणि परत जेटीवर आणतात, त्यातली. लांबूनच ओळखली. बोट नव्हे, ती चालवणारा. एक पाय काठावर, एक हात चाकावर, आणि मान थोडी तिरपी. माझा सासरा असाच उभा राहायचा. त्याच्या नातवंडांत ही ढब एकट्या जयरामात उतरली होती.

जयराम माझ्या दिराचा मुलगा. आणि त्या घराशी आम्ही बोलत नव्हतो.

का, ते सांगते. आमची रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. दहा घरांनी मिळून ओढायचं आणि जे येईल ते वाटून खायचं. तिचा वाटा कोणी मागत नाही, कारण जाळं कापलं की राहतं काय? दिराने मागितला. पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, सगळ्यांदेखत कोयत्याने आपला भाग कापून घेतला, विकला, आणि दुसऱ्या बंदरातल्या मोठ्या यांत्रिक बोटीवर नोकरीला लागला. ज्या बोटी आमच्या दारातला मासा ओरबाडून नेतात, त्यांच्यातल्याच एकीवर. माझ्या नवऱ्याने ते मनाला लावून घेतलं. मी नाही लावून घेतलं. मी त्या घराला पाठ दाखवली.

तोंड फिरवतात तसं नव्हे. त्या घरातलं कोणीही वाटेत समोरून आलं, की मी जागच्या जागी थांबायची, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घ्यायची आणि अख्खी वळायची. ते पुढे निघून जाईपर्यंत तशीच उभी. बाजारात असो, विहिरीवर असो, कोणाच्या लग्नात असो. सगळ्या वाडीला माझी ती पाठ माहीत होती. दीर मेला, माझा नवराही मेला, तरी ती रीत काही मोडली नाही. मोडायची कोणी?

तर जयरामची बोट येत होती. तो काही बेफाम चालवणारा नव्हे. स्कूबाची होडी दिसली, बावटा दिसला, की तो लांबून वळसा घालून जायचा. लवूनेच मला कधीतरी सांगितलं होतं. पण बावटा होता कुठे? त्याला दिसत होती नांगरावरची एक होडी आणि तिच्यावर वाळत घातलेला शर्ट. त्याची नेहमीची वाट आमच्या होडीच्या बाहेरून जायची. आणि बुडबुडे वाहत वाहत त्या वाटेच्या तोंडाशी पोचले होते.

मी उठले. शर्ट ओढला. गाठ ओली, सुटेना. दातांनी सोडवली. शर्ट निघाला, पण खालचा बावटा भिजून काठीला चिकटला होता. तो काही उडाला नाही. मग मी तो शर्टच दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि हलवला. जा, बाहेरून जा. खळ्यात, म्हणजे अंगणात, सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकलतो ना, तसा.

जयरामने बघितलं. त्याचा पाय काठावरून खाली आला.

मी आणखी जोरात हलवला.

त्याने हात वर केला. सरळ, उंच, पंजा उघडा. मग त्याच हाताने बोटीतल्या माणसांना खाली बसा अशी खूण केली. बोटीचं नाक वर उठलं. ती वळली आणि सरळ माझ्या दिशेने सुटली.

तेव्हा मला कळलं, मी काय केलं होतं ते.

रापणीच्या वेळी एक माणूस उंचावर उभा राहतो. पाण्यात माशाचा थवा दिसला की तो कापड हलवतो. मग होड्या सुटतात. भर समुद्रात कोणाची होडी फुटली, इंजिन बंद पडलं, कोणी आजारी पडलं, तर अंगातला शर्ट काढून हलवतात. मग दिसेल तो हातातलं काम टाकून येतो. समुद्रावर हलवलेल्या कापडाचा अर्थ एकच. ये. आमच्या पोरांना चालायला लागायच्या आधी तो कळतो. 'जा' म्हणायची खूण आमच्याकडे नाहीच. पाण्यावर कोणाला जा म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती.

मी हलवलं नसतं, तर तो बाहेरून गेला असता की बुडबुड्यांवरूनच, ते मला आजही सांगता येणार नाही. पण आता तो येत होता, आणि बुडबुडे बरोबर त्याच्या आणि माझ्या मधे होते.

शर्ट टाकला. तळहात दाखवले. दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं केलं. तो आणखी जोरात आला. त्याला काय दिसत असणार? होडीत एकटी म्हातारी हातवारे करतेय. आजवर ज्या बाईने त्याला कशाला म्हणून हाक मारली नाही, ती आज हात पसरून बोलावतेय. म्हणजे लवूचं काहीतरी झालं. दुसरं काय वाटणार?

ओरडले. "थांब रे, थांब, माणसा खाली आसत." माझा आवाज मासळी बाजारात या टोकाचा त्या टोकाला ऐकू जातो. पण वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता, आणि त्याचं इंजिन पेटलेलं. आवाज माझ्याच तोंडावर परत येत होता.

सुहासने हे बघितलं आणि त्याला वाटलं, मावशीच्या ओळखीचं कोणीतरी येतंय. तोही उठला. दोन्ही हात वर करून हलवू लागला, वर तोंडात बोटं घालून शिट्टीसुद्धा मारली.

"हात खाली कर."

"अहो, तुम्हीच तर बोलावताय ना?"

"हात खाली कर म्हणते."

मी त्याच्या हातावर फटका मारला. त्याने चकित होऊन माझ्याकडे बघितलं. मी बुडबुड्यांकडे बघितलं. ते मोठे झाले होते. दाट, पांढरे, एका जागी. म्हणजे खालची माणसं वर येऊ लागली होती. लवू एका हाताने त्या मुलीला धरून वर येत असेल. आणखी थोड्याच वेळात दोन डोकी तिथे वर निघतील. त्या डोक्यांवरून बोटीचा पंखा जाईल.

माझ्याजवळ काय होतं? पोहता येत नव्हतं. इंजिनाची दोरी ओढता येत नव्हती, आणि ओढून तरी काय करणार, नांगर खाली. आवाज पोचत नव्हता. हात हलवावे तर तो जास्तच वेगाने येत होता. मी जे काही करीन, त्याचा अर्थ एकच निघत होता. ये.

मग मी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि वळले.

अख्खी वळले. फळीवर बसले. जयरामकडे पाठ, बुडबुड्यांकडे पाठ. समोर किल्ल्याचा तट, त्याच्यावर एक घार.

"तू पण बस," मी सुहासला म्हटलं. "त्याच्याकडे पाठ करून बस."

"का पण?"

"बस म्हणते ना."

तो बसला. मी मांडीवर हात घट्ट धरून ठेवले. हलू देत नव्हते. आता फक्त कान उरले होते. इंजिन येत होतं. येतच होतं. आमच्या होडीची फळी माझ्याखाली थरथरू लागली.

तेव्हा मला एक आठवलं, आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

जाळं कापलं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. जयराम लहान होता. रोज दुपारी माझ्याच चुलीपाशी जेवणारा. त्या दिवशी वाटेत समोरून आला, हातात दोऱ्याला ओवलेली दोन बारकी मासळी, मला दाखवायला. मी वळले. त्याला तो खेळ वाटला. हसत हसत धावत फिरून माझ्या पुढे आला, माझं तोंड बघायला. मी परत वळले. तो परत फिरून पुढे आला. असं कितीदा तरी झालं. मी वळत होते, तो फिरत होता. मग एकदा वळले, आणि तो पुढे आला नाही. मागे वाळूत त्याची पावलं ऐकू आली. हळूहळू लांब जाणारी.

आता होडीत बसून मला वाटलं, हा परत तेच करील. पाठ दिसली म्हणून फिरून पुढे येईल, माझं तोंड बघायला. फिरून यायचं तर बरोबर बुडबुड्यांवरून.

आवाज अगदी कानाशी आला. सुहासने मान वळवायला घेतली. मी त्याची मान धरली.

मग आवाज एकदम पडला.

इंजिन बंद नव्हतं. गुरगुरत होतं, जाग्यावरच. पाण्याची एक लाट येऊन आमच्या होडीला लागली आणि होडी डोलली. बोटीतल्या माणसांची कुजबुज आली. मग त्यांतलं कोणीतरी हसलं. बाईचा आवाज होता. "अगं, ती बघ, तोंड फिरवून बसली," असं काहीतरी.

वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता. म्हणून मला तो ऐकू आला. ओरडून नाही, साधं, शेजारच्याशी बोलतो तसं म्हणाला.

"बरा, मोठये."

मोठी आये म्हणायचा तो मला. लहानपणी.

इंजिनाचा आवाज परत वाढला. कुठल्या बाजूने वाढतोय, ते मला कळेना. मी डोळे मिटून घेतले. मग तो लांब गेला. आणखी लांब. ज्या बाजूने आला होता त्याच बाजूला. या वेळी तो फिरून पुढे आला नाही.

"वळू का आता?" सुहासने विचारलं.

मी आधी वळले. पाण्यावर स्पीडबोटीची पांढरी रेघ होती. ती येत येत एका जागी मोडली होती आणि परत गेली होती. मोडली होती तिथून पुढे, फार नाही, माझ्या परसातल्या विहिरीपासून चुलीइतकं अंतर असेल, तिथे बुडबुडे होते.

"अगदी तिथवर आला आणि परत गेला," सुहास म्हणाला. "कोण होता? काय झालं त्याला?"

"बुडबुडे दिसतायत ना तुला?"

"कसले बुडबुडे?"

तेवढ्यात मृदुलाचं डोकं वर आलं, आणि तिच्या शेजारी लवूचं.

लवू तिला होडीपर्यंत घेऊन आला. ती शिडी चढली. तोंडातली नळी काढली आणि बोलतच सुटली. पिवळे मासे, काळे पट्टेवाले मासे, एक तर अगदी हाताला लागून गेला. सुहास तिला टॉवेल देत म्हणाला, "तू खाली होतीस तेव्हा इथे काय मजा झाली, ऐक." मग त्याने सगळं सांगितलं. मावशींनी एका बोटवाल्याला बोलावलं काय, तो आल्यावर पाठ फिरवून बसल्या काय. ती माझ्याकडे बघून हसली. मग हसायची थांबली.

लवू होडीत चढला तो सरळ माझ्या शेजारी येऊन बसला.

"वर बोट इलेली?"

"इलेली."

"माका आवाज येय होतो. पाण्यात आवाज खंयसून येता ता कळणा नाय. सगळीकडसून येता. हेंका धरून मी खडपाक चिकटान रवलंय, पण हवा सरत इलेली. आणि थांबाक जमला नसता. कोण होतो?"

"जयराम."

"मगे गेलो कसो?"

"मी पाठ केलंय."

लवूने माझ्याकडे बघितलं. मग तो उठला आणि नांगर ओढायला लागला. ओढता ओढता म्हणाला, "आमी खाली आसव, ता त्येका ठावक होता?"

"नाय."

"म्हणजे तो मदतीक धावलो."

"धावलो."

मी नांगराची ओली दोरी गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिराच्या घरी गेले. खळ्यात पाय ठेवला, तशी माझी जाऊ द्वारका सूप हातात घेऊन ओट्यावर उभी होती, ती तशीच राहिली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. जयराम खळ्यात बसून इंजिनाचा एक भाग घासलेटात धूत होता. मला बघून त्याने हात थांबवले नाहीत.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. सुरुवात कशी करायची ते मला माहीत नव्हतं. भांडायचं असतं तर शब्द शोधावे लागले नसते.

"काल माझो लवू खाली होतो," मी म्हटलं. "एक चेडू होता त्याच्या वांगडा. तुझ्या नि माझ्या मदी. तू आणखी थोडो फुडे इलो असतंस तर त्येंच्या डोक्यार."

त्याचे हात थांबले.

"बावटो दिसलो नाय माका."

"त्येच्यार त्या मेल्यान शर्ट सुकत घातलेल्यान."

"मगे कापड कित्याक हलवलंस?"

"जा म्हणान."

"कापड हलवून जा कोण सांगता?"

"कोण नाय," मी म्हटलं.

द्वारका ओट्यावरून खाली उतरली. सूप तिने बाजूला ठेवलं.

जयराम म्हणाला, "तू बोलावलंस म्हणान मी इलंय, मोठये. माका वाटला, लवूचा काय तरी झाला. बोटीतली माणसां खाली बसवलंय आणि मशीन पुरा सोडलंय. तितक्या वाटेत माझ्या मनात काय काय इला, ता माका ठावक. आणि थंय पोचतंय तर तू उभी रवान पाठ..."

"बसान," मी म्हटलं. "उभी नाय. बसान केलंय."

त्याला हसू आलं असतं, बोलणं दुसऱ्या कोणत्या गोष्टीवर असतं तर. त्याने तो इंजिनाचा भाग फडक्यावर ठेवला आणि हात पुसू लागला. खूप वेळ पुसत होता.

"एक इचारतंय. माझ्या जाग्यार दुसरो कोण असतो, तर काय केलं असतंस?"

"काय करतलंय? दुसऱ्याक माझी पाठ कळली नसती. तो सरळ इलो असतो. लवू मेलो असतो."

"म्हणजे तुझी पाठ कळणारो मी एकटोच."

"एकटोच."

द्वारकाने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि ती आत गेली.

"खरा धरतंय मी," जयराम म्हणाला. "तू खोटा बोलणंस नाय, ता सगळ्या वाडीक ठावक आसा. लवू बरो आसा, ह्या चांगला झाला. पण ता सगळा मी आज आयकतंय, तुझ्या तोंडातसून. काल माका दिसली ती पाठ. बोटीतली माणसां हसली ती काल हसली. ती पाठ आता डोळ्यांतसून काढू कशी, ता तू माका सांग."

लवूचा जीव माझ्या पदरात होता आणि या पोराला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. शिव्या असत्या तर दिल्या असत्या. शिव्या तरी कोणाला देणार?

आतून द्वारकाचा आवाज आला. "चाय ठेवलंय. बसतल्यात की जातल्यात?"

"बसतंय," मी म्हटलं, आणि ओट्याच्या कडेवर बसले.

जयराम उठला. जेटीवर माणसं खोळंबली होती. त्याने खुंटीवरची टोपी घेतली, इंजिनाचा भाग फडक्यात गुंडाळून काखेत मारला. खळ्याच्या पायरीवर क्षणभर थांबला. आतल्या स्वयंपाकघराकडे तोंड करून, आपल्या आईला म्हणाला, "येतंय गो."

द्वारकाला ऐकू गेलं नसावं. पंप मारायचा स्टोव्ह आवाज करत होता. आतून काही उत्तर आलं नाही.

"ये," मी म्हटलं.